टायमरला हात लावण्याआधी

चि. बाळास,



तुझं पत्र पोचलं. चाकणच्या कारखान्यातलं नेटवर्क तुझ्या हाती आलं याचा आनंद झालाच, पण टायमर बदलण्याआधी तू थांबून विचारलंस याचा जास्त झाला. हे आकडे बहुतेक जण कधी उघडून पाहत नाहीत, आणि पाहतात ते लगेच बदलून मोकळे होतात.

तुझ्या दोन तक्रारी आहेत. एक, मधली एखादी केबल काढून लावली की शेवटच्या शेडमधल्या यंत्रांना व्हीलॅन परत मिळायला अर्धा मिनिट जातो. दुसरी, कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनवरचं चित्र थोड्याथोड्या वेळाने तुटतं आणि आपोआप परत येतं. त्यावर तुझ्या वरिष्ठांनी सुचवलं आहे की शेवटच्या स्विचवर जीव्हीआरपीचा लीव्ह टायमर ६०० वरून ३०० मिलिसेकंदांवर आणावा. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो: तो बदल करू नकोस. का ते सविस्तर लिहितो, कारण वरिष्ठांशी तुला कारणांनिशी बोलता आलं पाहिजे.

आधी मुळाशी जाऊ. तुमच्याकडे नऊ स्विच एकामागे एक जोडलेले आहेत. व्हीलॅन ४० शेवटच्या शेडपर्यंत न्यायचा तर प्रत्येक स्विचच्या प्रत्येक ट्रंक पोर्टवर तो हाताने लिहावा लागेल. हे श्रम वाचवण्यासाठी आयईईईने १९९८ साली गार्पची रचना ८०२.१डी मानकात दिली, आणि तिच्या आधारे व्हीलॅन पसरवणारा जीव्हीआरपी ८०२.१क्यू मध्ये. एक स्विच आपल्या पोर्टवरून शेजाऱ्याला सांगतो की मला व्हीलॅन ४० हवा आहे. शेजारी ती मागणी ज्या पोर्टवर आली त्या पोर्टवर नोंदवतो आणि आपल्या इतर पोर्टांवरून पुढे सांगतो. या मागण्या ०१-८०-सी२-००-००-२१ या राखीव मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. जीव्हीआरपी चालवणारा स्विच अशी फ्रेम जशीच्या तशी पुढे पाठवत नाही. तो ती स्वतः वाचतो आणि आपल्या नावाने नवी मागणी तयार करतो. ही गोष्ट लक्षात ठेव, टायमरचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

आता टायमर. पुण्यात शिकायला होतीस तेव्हा खोलीवर खानावळीचा डबा यायचा ना, तो आठव. खोलीतली एक मुलगी म्हणाली की माझा डबा बंद करा, तरी खानावळवाल्या काकू लगेच नाव खोडत नाहीत. त्याच खोलीतल्या दुसऱ्या कुणाला हवा असेल तर तिला सांगायची मुदत देतात. ती मुदत म्हणजे लीव्ह टायमर. ‘मला हवा आहे’ हा निरोप मुली ज्या अवधीच्या आत देतात, तो जॉइन टायमर. आणि मधूनमधून काकू सगळी यादी कोरी धरून नव्याने विचारतात, जे बोलणार नाहीत त्यांचं नाव जातं, तो लीव्हऑल. मानकातले नेहमीचे आकडे असे: जॉइन २०० मिलिसेकंद, लीव्ह ६००, आणि लीव्हऑल १०,००० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद. काही उत्पादक होल्ड नावाचा चौथा टायमरही देतात, साधारण १०० मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात साठलेल्या मागण्या एकाच फ्रेममध्ये भरल्या जातात. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

६०० हा आकडा कुठून आला ते मात्र नीट बघ. लीव्हऑल सुटला की ज्याला व्हीलॅन हवा आहे त्या स्विचने पुन्हा मागणी पाठवायची असते. ती तो तत्काळ पाठवत नाही, ० ते २०० मिलिसेकंदांमधला कुठलातरी यादृच्छिक क्षण निवडतो, म्हणजे एकाच तारेवरचे सगळे एकदम बोलणार नाहीत. आणि मागणी एकदा न पाठवता दोनदा पाठवतो, कारण या फ्रेमला पोचपावती नसते. पहिली वाटेत हरवली तर दुसरी पोचावी. दोन मागण्यांना जास्तीत जास्त ४०० मिलिसेकंद लागतात. उरलेले २०० फ्रेम पोचायला, प्रोसेसरने ती वाचायला आणि घड्याळातल्या बारीकसारीक फरकाला. म्हणजे ६०० मिलिसेकंदांत एक फ्रेम हरवली तरी नोंद टिकते. लीव्ह ३०० वर आणलास तर दुसरी मागणी वेळेत येईलच याची खात्री संपली. मग एखादी फ्रेम हरवण्याची खोटी, तो व्हीलॅन त्या पोर्टवरून काढला जाईल आणि त्या व्हीलॅनचे पुढचे सगळे कॅमेरे तेवढ्यापुरते बंद पडतील.

तू म्हणशील, स्विच असा आकडा स्वीकारणारच नाही. खरं आहे, बरेच स्विच नाकारतात. कुणाचा नियम असतो की लीव्ह हा जॉइनच्या दुपटीपेक्षा मोठा हवा, कुणाचा की किमान तिप्पट हवा, आणि लीव्हऑल लीव्हपेक्षा मोठा हवा हा सगळ्यांचाच. मग तुझे वरिष्ठ सांगतील की जॉइनही १०० वर आण. स्विच ते निमूट स्वीकारेल. आणि खरा धोका इथेच आहे. स्विच आपला लीव्ह आपल्याच जॉइनशी ताडून बघतो. पण प्रत्यक्षात त्याचा लीव्ह वाट पाहत असतो शेजाऱ्याच्या जॉइनची. शेजारी अजून २०० वरच आहे. त्याच्या दोन मागण्यांना ४०० मिलिसेकंद लागू शकतात आणि हा ३०० लाच नाव खोडून मोकळा होतो. पडद्यावर सगळं नियमात दिसतं, कुठे चूक दाखवली जात नाही, आणि नोंदी गळत राहतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की हे टायमर एका स्विचचे नसतातच. ते सगळ्या शेजाऱ्यांचे मिळून असतात. एकमेकांना जोडलेल्या सगळ्या स्विचवर चारही आकडे सारखे ठेवा, असं बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ते एका ओळीत असल्याने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. शेवटच्या एका स्विचवर बदल करणं ही कल्पनाच चुकीची आहे, मग आकडा कुठलाही असो.

आता तुझी पहिली तक्रार, अर्ध्या मिनिटाची. हा विलंब गार्पचा नाहीच. हिशेब कर. मागणी प्रत्येक स्विचवर जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद थांबते. नऊ स्विचमध्ये आठ टप्पे, म्हणजे वाईटात वाईट १.६ सेकंद. अर्धा मिनिट कुठून येणार? तो येतो स्पॅनिंग ट्रीतून. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट सुरू झाल्यावर १५ सेकंद ऐकण्याच्या आणि १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत काढतो, तेव्हा कुठे फॉरवर्डिंगला पोचतो. जीव्हीआरपी नोंदी पुढे पसरवतो त्या फॉरवर्डिंगमध्ये असलेल्या पोर्टांमधूनच. तुझे ३० सेकंद हेच असावेत असा माझा अंदाज आहे. केबल काढून लावल्यावर त्या पोर्टची स्पॅनिंग ट्रीमधली अवस्था दर दोन-तीन सेकंदांनी पाहा, एका प्रयत्नात कळेल. जुनी पद्धत चालू निघाली तर रॅपिड स्पॅनिंग ट्रीवर जा. ती २००१ पासून मानकात आहे आणि तुमच्या स्विचचे दोन्ही उत्पादक ती देत असणार. गार्पचे टायमर कितीही दाबलेस तरी या ३० सेकंदांतला एकही कमी होणार नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुझ्या वरिष्ठांच्या सूचनेत तीच राहून गेली आहे. व्हीलॅन लवकर मिळावा ही अपेक्षा रास्त आहे, पण तिचा संबंध जॉइनशी आहे, लीव्हशी नाही. लीव्ह कमी केल्याने फक्त जाणं लवकर होतं. आणि जाण्याची घाई कुणाला आहे? नको असलेला व्हीलॅन एखाद्या ट्रंकवर पाच-सहा सेकंद जास्त राहिला तर थोडा ब्रॉडकास्ट फुकट वाहतो, इतकंच. हवा असलेला व्हीलॅन अर्धा सेकंद आधी गेला तर कन्व्हेयर थांबतो. हे दोन तोटे समान नाहीत. ज्याने ही मूल्यं ठरवली त्याने हा असमतोल जाणून लीव्ह सैल ठेवला आहे. तू तो आवळू नकोस.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. कॅमेऱ्याचं चित्र किती वेळाने तुटतं ते तू लिहिलं नाहीस. घड्याळ लावून मोज, कारण त्या ठेक्यातच बरंचसं उत्तर आहे. लीव्हऑल टायमर नेमका १० सेकंदांनी सुटत नाही. ठरवलेल्या आकड्यापासून त्याच्या दीडपटीपर्यंतचा कुठलाही क्षण तो निवडतो, म्हणजे १० ते १५ सेकंदांमधला. तुझं चित्र असं अनियमितपणे, पण १० ते १५ सेकंदांच्या अंतराने तुटत असेल, तर लीव्हऑलनंतर मागण्या वेळेत पोचत नाहीत असं समज. मग कुठल्या दोन स्विचमध्ये जॉइन आणि लीव्ह जुळत नाहीत ते शोध.

पण ठेका सेकंद-दीड सेकंदाचा निघाला तर माझा संशय एककावर जाईल. तुमच्याकडे दोन उत्पादकांचे स्विच आहेत असं तू लिहिलंस. काही स्विचवर हे आकडे मिलिसेकंदांत भरायचे असतात आणि काहींवर सेंटिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात. दुसऱ्या प्रकारात तेच नेहमीचे आकडे २०, ६० आणि १००० असे दिसतात. एसएनएमपीवरून हे टायमर वाचायचे तर १९९९ च्या आरएफसी २६७४ मधल्या तक्त्यातही ते सेंटिसेकंदांतच आहेत. आता समज, कुणीतरी एका सेंटिसेकंदवाल्या स्विचवर पाहिलेले २०, ६०, १००० हे आकडे दुसऱ्या, मिलिसेकंदवाल्या स्विचवर जसेच्या तसे भरले, आणि त्या स्विचची किमान मर्यादा तेवढी खाली आहे. स्विच तक्रार करणार नाही, कारण आपापसातलं प्रमाण अगदी बरोबर आहे. पण आता तो दर सेकंद-दीड सेकंदाला लीव्हऑल पाठवतो आणि उत्तरासाठी ६० मिलिसेकंद थांबतो, तर शेजारी उत्तर द्यायला २०० पर्यंत घेतो. जवळजवळ प्रत्येक फेरीत नोंद गळणार. तेव्हा कुठल्याही स्विचवर आकडा वाचताना त्याच्या पुस्तिकेत एकक आधी बघ. पडद्यावर एकक लिहिलेलं असेलच असं नाही.

आणि अशा एका स्विचची झळ त्याच्यापुरती राहत नाही. दुसऱ्याचा लीव्हऑल ऐकला की प्रत्येक स्विच स्वतःचा लीव्हऑल टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर सगळेच आळीपाळीने यादी कोरी करत बसतील. योजना चांगली आहे, पण तिचा परिणाम असा की त्या दुव्यावर ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याचंच राज्य चालतं. इतरांनी १० सेकंद ठेवले असले तरी त्यांचे टायमर कधी पुरे होतच नाहीत.

लीव्हऑल वाढवायचाच असेल तर त्याला एक खरं कारण आहे, ते म्हणजे व्हीलॅनची संख्या. जीव्हीआरपीच्या फ्रेममध्ये एका व्हीलॅनच्या मागणीला ४ बाइट लागतात: एक लांबीचा, एक घटनेचा, दोन व्हीलॅन क्रमांकाचे. १५०० बाइटच्या फ्रेममध्ये म्हणून पावणेचारशेच्या आसपास मागण्या बसतात, आणि ४०९४ व्हीलॅन असतील तर एका पोर्टवर एका फेरीला ११ फ्रेम. हे सगळं स्विचच्या प्रोसेसरकडे जातं. दर दोन सेकंदांनी येणारे स्पॅनिंग ट्रीचे हॅलो निरोपही त्याच प्रोसेसरकडे जातात. प्रोसेसर गुदमरला की तो फ्रेम टाकून देतो, आणि आपण तर वर एकच फ्रेम हरवेल असं धरून हिशेब केला होता. शेकडो गतिशील व्हीलॅन असलेल्या नेटवर्कसाठी काही उत्पादक जॉइन ६ सेकंद, लीव्ह ३० सेकंद आणि लीव्हऑल २ मिनिटं इतके मोठे आकडे सुचवतात ते यासाठीच. पण बघ, तिथेही सगळे आकडे एकत्र वाढतात आणि सगळ्या स्विचवर वाढतात. तुमच्याकडे व्हीलॅन बारा. तुला याची गरज नाही.

पुढे कधी गरज पडलीच तर क्रम सांभाळ. आकडे वाढवताना आधी लीव्हऑल, मग लीव्ह, मग जॉइन, शेवटी होल्ड. कमी करताना याच्या उलट. मध्येच प्रमाण मोडलं तर स्विच आज्ञा नाकारतो आणि अर्धे स्विच नव्या आकड्यांवर, अर्धे जुन्यावर अशी अवस्था होते. काही स्विचवर लीव्हऑल पूर्ण स्विचला एकच असतो आणि बाकीचे टायमर प्रत्येक पोर्टला वेगळे, तेव्हा एका पोर्टवर बदललं म्हणजे सगळीकडे बदललं असं धरून चालू नकोस. आणि हे काम उत्पादन बंद असतानाच कर. नऊ स्विच बदलून होईपर्यंत मधल्या काही मिनिटांत शेजारी-शेजारी वेगळे आकडे असणारच. पाळी चालू असताना ती जोखीम घ्यायला तुला कुणी सांगितलं तर लेखी मागून घे.

तू नव्या पद्धतीबद्दलही विचारलं आहेस. २००७ च्या ८०२.१एके या दुरुस्तीने गार्पच्या जागी एमआरपी आणला, आणि जीव्हीआरपीच्या जागी एमव्हीआरपी. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मांडणी. एका व्हीलॅनच्या सहा शक्य घटना असतात, सहा गुणिले सहा गुणिले सहा २१६, म्हणजे तीन व्हीलॅनची माहिती एका बाइटमध्ये मावते. सगळे ४०९४ व्हीलॅन १३६५ बाइटमध्ये, एकाच फ्रेममध्ये येतात. स्पॅनिंग ट्रीचा मार्ग बदलला की जुन्या नोंदी लीव्हची वाट न पाहता झटकून टाकण्याची सोयही त्यात आहे. शिवाय दोनच स्विच समोरासमोर असलेल्या दुव्यावर यादृच्छिक थांबण्याची गरज उरत नाही, फक्त जॉइनच्या दीडपट वेळात तीनपेक्षा जास्त वेळा बोलायचं नाही एवढं बंधन आहे. ती यादृच्छिक वाट हब आणि सामायिक तारेच्या काळातली होती. टायमर मात्र तेच राहिले. जॉइन २०, लीव्हऑल १००० सेंटिसेकंद, आणि लीव्हला ६० ते १०० अशी मोकळीक. त्यामुळे एखाद्या उत्पादकाचा लीव्ह ६०० आणि दुसऱ्याचा १००० मिलिसेकंद निघाला तर घाबरू नकोस, दोन्ही मानकात बसतात. तरीही सगळीकडे १००० करून टाक. आणि नवी पद्धत लागू करायची तर पूर्ण साखळीवर एकदमच कर, कारण जीव्हीआरपी आणि एमव्हीआरपी एकाच पत्त्यावर बोलत असले तरी त्यांच्या फ्रेमची रचना वेगळी आहे आणि एकमेकांचं त्यांना कळत नाही.

टायमरशी संबंध नाही, पण जाता जाता सांगतो: यंत्रं आणि कॅमेरे जिथे लागतात त्या पोर्टांवर जीव्हीआरपी बंद ठेव, आणि ते जमत नसेल तिथे नोंदणी ‘फॉरबिडन’ कर. या प्रोटोकॉलमध्ये मागणारा कोण हे तपासण्याची सोय नाही. लिनक्स असलेला कुठलाही लॅपटॉप एका आज्ञेने व्हीलॅन मागू शकतो.

आता काय करायचं ते सांगतो. आज काहीही बदलू नकोस. नऊही स्विचवरचे चारही टायमर, प्रत्येक ट्रंक पोर्टचे, एककासह एका तक्त्यात लिही. फसलेल्या नोंदणीची संख्या आणि शेवटची फ्रेम कुठल्या पत्त्यावरून आली हे जीव्हीआरपीच्या आकडेवारीत मिळतं, तेही टिपून ठेव. एखाद्या स्विचची व्हीलॅनची कमाल मर्यादा भरली असेल तर फसलेल्या नोंदणीत ते दिसेल. मग शेवटच्या शेडच्या ट्रंकवर मिररिंग लावून वायरशार्कने दहा मिनिटं फ्रेम गोळा कर. लीव्हऑल कोण पाठवतो, किती अंतराने, आणि त्यानंतर किती मिलिसेकंदांत जॉइन येतो हे त्यात उघड दिसेल. हा कागद घेऊन वरिष्ठांकडे जा. ते अनुभवी आहेत, मोजलेला आकडा समोर ठेवलास तर ऐकतील. आणि तक्ता व फ्रेमची फाइल मलाही पाठव. रविवारी सकाळी फोनवर दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा